दोरी पुरत नाय

वरंध्याचा घाट उतरताना कडुबानं पुन्हा जीप थांबवायला लावली, तेव्हा मल्हारी स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाला, "आरं, तुला मुतखडा झालाय का काय?"

कडुबाला मुतखडा झाला नव्हता. त्याला टेलिफोन हवा होता. घाटातल्या चहाच्या टपरीवर टेलिफोन असण्याचं काही कारण नाही, हे त्यालाही कळत होतं. तरी तो उतरला, टपरीवाल्याशी दोन शब्द बोलला आणि परत येऊन मागच्या सीटवर बसला.

"महाडला मिळंल म्हणतोय," एवढंच म्हणाला.

पुढं बसलेल्या काकासाहेबानं मागं वळून पाहिलं नाही. ही सहल त्याची होती. दिवाळीपासून त्यानं ती आखली होती. जीप मल्हारीच्या मेहुण्याची, ताडपत्री आणि स्टोव्ह काकासाहेबाच्या घरचा, येसर, म्हणजे कालवणाचा मसाला, त्याच्या आईनं भाजून दळून डब्यात भरून दिलेलं. समुद्राकाठी मुक्काम करायचा, मासे आणायचे आणि येसर घालून झणझणीत कालवण करायचं, असा बेत होता. मासे येसरात शिजवतात का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मटणाला चालतं ते माशाला का चालू नये?

तिघंही वाळूजच्या एकाच कंपनीत होते. मल्हारी कंपनीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. त्याच्या घरी अजून मेंढरं होती आणि भाऊ ती घेऊन नगरपर्यंत जात असे. काकासाहेब आणि कडुबा वायरिंगच्या खात्यात, एकाच बाकावर शेजारी शेजारी. दोघं एकाच गावचे, पाचोडजवळचे. काकासाहेब पाटलाचा, कडुबा गावाबाहेरच्या वस्तीतला. शाळाही एक, आयटीआयही एक. आणि समुद्र तिघांपैकी कुणीच पाहिलेला नव्हता.

अडचण झाली ती संक्रांतीची. कंपनीला सुटी जोडून मिळत होती ती याच दिवसांत, आणि विद्यापीठाच्या नावाचा सोक्षमोक्षही याच दिवसांत लागणार अशी बोलवा शहरभर होती. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. कडुबा म्हणाला होता, "पुढच्या महिन्यात जाऊ. आई एकटी हाय गावात."

त्याच्या म्हणण्याला कारण होतं. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, तेव्हा कडुबाचं घरही जळालं होतं. चतुराबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, त्याला कडेवर घेऊन पाटलाचं दार गाठलं होतं आणि आप्पांनी, म्हणजे काकासाहेबाच्या वडिलांनी, त्यांना गोठ्यात ठेवून घेतलं होतं. काकासाहेबाच्या घरी पाहुणे आले की ही गोष्ट हमखास निघायची. काकासाहेब ती ऐकतच मोठा झाला होता आणि त्याला तिचा अभिमान होता.

म्हणून तर त्यानं बाकावर पक्कड आपटून सांगितलं होतं, "तुझ्या आईची जबाबदारी माझी. आप्पांच्या कानावर घातलंय. आन् घरात फोन हाय. कवाबी लाव, आईशी बोल. आणखी काय पायजे?"

"शब्द देतोस?"

"दिला."

घाट संपला आणि रस्ता सरळ झाला, तसा मल्हारी खुलला. कडुबाचा चेहरा आरशात बघून म्हणाला, "आरं, पाटील हायेत ना गावात. कशाला जीव टांगून घेतोस? आप्पाचा फोन बघितलाय का तू? बाजेवर पडतेत निंबाखाली, पोटावर यंत्र ठेवतेत, एक हात डोक्याखाली. कलेक्टरला काय असा थाट आसंल!"

"ती सोय आमची हाय," काकासाहेब म्हणाला. "पोस्टाच्या माणसानं मधल्या खोलीत बसवला होता. शहागंजच्या बाजारातून वायर आणली अन् पार अंगणात काढून दिली. आप्पा त्याला दोरी म्हणतेत."

"आतलं टोक यानं जोडलं," कडुबा म्हणाला, "अंगणातलं मी."

महाडला बूथ मिळाला, पण लाईन मिळाली नाही. नंबर फिरवला की पोकळ काहीतरी वाजायचं आणि गप्प व्हायचं. बूथवाला म्हणाला, मराठवाड्याच्या सगळ्याच लाईनी आज अशा आहेत. रात्र त्यांनी धाब्यामागं जीपमध्येच काढली. दिवस उगवायच्या सुमाराला कडुबा उठून चवदार तळ्याकडं निघाला. मल्हारी डोळे चोळत त्याच्यासोबत गेला. काकासाहेब म्हणाला, जीपला राखण पायजे. ते परत आले तेव्हा कडुबाच्या शर्टाची पुढची बाजू ओली होती. मल्हारी म्हणाला, "ओंजळभर प्यायला आन् उरलेलं अंगावर सांडलं. लहान पोरासारखं."

कडुबा हसला. त्या सबंध प्रवासात तो मोकळा हसला तो तेवढाच.

म्हसळ्याच्या पुढं रस्ता एका टेकाडावर चढला, वळला, आणि मल्हारीनं न सांगताच ब्रेक लावला.

खाली, जिथं जमीन असायला हवी, तिथं काहीच नव्हतं. नुसतं उजळ, हलणारं, आभाळाच्या कडेपर्यंत गेलेलं पाणी. मग मल्हारी खाली उतरला, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आन् आपण पैठणच्या धरणाला सागर म्हणतो."

तिथून पुढचा रस्ता समुद्राला धरूनच होता. उजव्या हाताला खडक आणि फेस, डाव्या हाताला सुपारीच्या बागा, मधूनच सुकत घातलेल्या माशांचा वास, मधूनच एखादी खाडी आणि तिच्यात चिखलावर कलंडलेल्या होड्या. दर वळणाला मल्हारीला थांबावंसं वाटे. काकासाहेब बोट करून दाखवत होता: ते बघ गलबत, ते बघ पक्षी. प्रत्येक वेळी तो मागं वळून बघे, कडुबा बघतोय का. कडुबा समुद्राकडं बघत नव्हता. रस्त्याच्या कडेचे खांब बघत होता. तार कुठल्या खांबापर्यंत आली आहे, कुठल्या घरात शिरली आहे.

"आरं, एवढा दर्या सोडून खांब काय मोजतो?" काकासाहेब शेवटी म्हणाला.

"दर्या कुठं पळून जाणार हाय?" कडुबा म्हणाला.

श्रीवर्धनच्या अलीकडं एका गावाजवळ त्यांना हवी तशी जागा मिळाली. सुरूची झाडं होती, पण झाडांखाली भुसभुशीत वाळू होती आणि तिच्यात चाकं रुतत होती. खाली मात्र सपाट, ओलसर, जोत्यासारखी घट्ट वाळू होती. पाणी लांब कुठंतरी वाजत होतं. मल्हारीनं जीप त्या घट्ट वाळूवर आणून लावली, जीपच्या टपाला आणि दोन बांबूंना ताडपत्री बांधली, तीन दगड शोधून आणले. स्टोव्ह असताना चूल कशाला, असं काकासाहेबानं विचारलं तर म्हणाला, "रानात स्टोव्हवरचं गोड लागत नाय."

डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई तिथून चालली होती. तिच्याकडून त्यांनी बांगडे घेतले. तिनं पाटी उचलता उचलता ताडपत्रीकडं पाहिलं.

"इथं नका रे मांडू. दुपारी भरती आहे."

"भरती?" मल्हारी म्हणाला. "कुठल्या कंपनीत?"

"आम्ही परमनंट हाव, मावशी," काकासाहेब म्हणाला.

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली. "बरं बरं, परमनंट," म्हणाली आणि निघून गेली.

"बघ, हितंबी एमआयडीसी पोचली," मल्हारी म्हणाला.

भरती-ओहोटी तिघंही शाळेत शिकले होते, चंद्राच्या चित्रासकट. पण चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत त्या शब्दाला एकच अर्थ उरला होता: गेटवरची गर्दी, हातात सर्टिफिकेटांच्या पिशव्या आणि खुर्चीवर उभा राहून नावं पुकारणारा ठेकेदार. पाणी आपल्या पायांनी चालत येतं, हे त्यांच्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथलं पाणी फक्त खाली जायचं.

येसराचं कालवण रटरटायला लागलं तेव्हा कडुबानं ट्रान्झिस्टर कानाला लावला होता. खरखर, गाणं, पुन्हा खरखर. मग बातम्या. तो उभा राहिला. एक हात त्यानं वर केला, गप्प बसा म्हणून, आणि तो तसाच वर राहिला.

"झालं," तो म्हणाला. "नामविस्तार. दोन्ही नावं ठेवलीत. पण नाव लागलं."

मल्हारीनं हातातली पळी वाळूत टाकून त्याला मिठी मारली. "आरं मग तोंड असं काय केलंस? लेका, मोर्च्यात लाठ्या खाल्ल्यास तू! तिळगूळ काढ, आईनं दिलेला."

"चांगलं झालं," काकासाहेब म्हणाला. तो ते मनापासून म्हणाला होता, पण म्हणायला त्याला क्षणभर उशीर झाला आणि तो उशीर तिघांनाही ऐकू आला.

कडुबानं जुन्या लुगड्याच्या पदरात बांधलेला तिळगूळ सोडला, दोघांच्या हातांवर एकेक लाडू ठेवला आणि पुरचुंडी पुन्हा बांधून खिशात घातली. त्याचं तोंड हसत होतं आणि पाय जागेवर ठरत नव्हते. ज्या गोष्टीसाठी तो कॉलेजच्या पोरांबरोबर उन्हातान्हात चालला, ती झाली होती. आणि ती झाली म्हणूनच आज गावात काय होईल, हे सांगता येत नव्हतं.

"चल," तो काकासाहेबाला म्हणाला. "फोन."

मल्हारीला कालवणापाशी ठेवून दोघं गावात गेले. किराणा दुकानाच्या कोपऱ्यात बूथ होता. फोनशेजारी लाल आकड्यांचं मीटर, वर खोबऱ्याच्या तेलाची जाहिरात. काकासाहेब नंबर फिरवत राहिला. लाईन लागायची नाही, पुन्हा फिरवायचा. कडुबा दुकानाच्या पायरीवरून खाली उतरत होता आणि वर चढत होता. दुकानदारानं त्याला दोनदा विचारलं, काय हवं. शेवटी पलीकडं घंटा वाजली.

"आप्पा, मी काकासाहेब."

"आरं, पोचला का समुद्राला?"

"पोचलो. गावात कसं काय, आप्पा?"

"गावात काय व्हायचंय? रेडिओवरचं समद्यांनी ऐकलं. पारावर पोरं जमलीत, बोलतेत आपापलं. तू जीवाची मजा कर."

"चतुराला बोलवा की जरा. कडुबाला बोलायचंय."

कडुबानं बिस्किटांच्या बरणीवरची नजर काढून त्याच्याकडं पाहिलं. गावात चतुराबाईला पाटलाच्या घरातलं शेंबडं पोरगंही चतुराच म्हणे. काकासाहेबाच्या ते लक्षातही आलं नाही.

"बोलवतो," आप्पा म्हणाले. "घटकाभरानं लाव."

घटकाभर त्यांनी पायरीवर काढली. दुकानदारानं न मागता सोड्याच्या दोन बाटल्या आणून दिल्या. कडुबानं बाटली हातात धरली, प्यायला नाही.

"पारावर पोरं जमलीत म्हणाले?"

"पोरं रोजच जमतेत पारावर."

"दुपारची?"

काकासाहेबानं सोड्याचा घोट घेतला. संक्रांतीच्या दुपारी, पोटं भरलेली असताना, पारावर कुत्रंही बसत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

दुसऱ्या खेपेला लाईन लवकर लागली. आप्पांनीच उचलला. "आलीय ती. अंगणात उभी हाय. काय सांगायचं ते सांग, मी सांगतो तिला."

काकासाहेबानं रिसीव्हर कडुबाच्या कानाला लावला आणि स्वतःही कान जवळ नेला. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

"आप्पा, नमस्कार. आईला इचारा, बरी हाय का."

"बरी हायेस का म्हणतोय," आप्पांचा आवाज जरा लांब गेला आणि परत आला. "बरी हाय म्हणतीय."

"जेवली का?"

"जेवली का म्हणतोय... जेवली म्हणतीय."

"तिळगूळ कशात बांधून दिला होता, इचारा."

"आरं, हे काय इचारणं झालं?" तरी त्यांनी विचारलं. "लुगड्याच्या पदरात, म्हणतीय."

कडुबानं श्वास सोडला. ती तिथं होती. काकासाहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली: बघ, सांगितलं नव्हतं? पण कडुबानं मान हलवली आणि रिसीव्हर घट्ट धरला.

"तिला भ्या वाटतंय का, इचारा."

हे आप्पांनी विचारलं नाही. "भ्या कशाचं?" ते म्हणाले. "मी हाय ना. त्या साली व्हतो, तसाच आताबी हाय."

"तसं नाय आप्पा. तिचा आवाज ऐकू द्या. दोन शब्द."

"आरं, ती अंगणात आन् फोन हितं आत, मधल्या खोलीत. दोरी पुरत नाय."

दोघांची डोकी अजून टेकलेली होती आणि दोघांनाही ऐकू येत होतं: आप्पांच्या आवाजामागं बाज करकरत होती. वर कावळा ओरडत होता. मधल्या खोलीत कावळा नसतो.

कडुबानं रिसीव्हर काकासाहेबाच्या हातात दिला. आवाज न चढवता म्हणाला, "बोल तुझ्या आप्पाशी. दोरी पुरत नाय म्हणतेत."

काकासाहेबाला आत्ता सुटता आलं असतं. चतुराबाई सुखरूप होती, जेवली होती, तेवढं कळलं होतं. आप्पांना त्यानं जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं. पण दोरीचं काम केलं तो दिवस त्याला आठवत होता. आतलं टोक त्यानं जोडलं, अंगणातलं कडुबानं. अशी वाटणी कुणी ठरवली नव्हती. कडुबा आपणहून अंगणातच थांबला होता, आणि चहा त्याला तिथंच कानतुटक्या कपात आला होता.

"आप्पा," तो म्हणाला, "तुम्ही बाजेवर हाव ना?"

पलीकडं बाज पुन्हा करकरली.

"बाज वाजतीय, आप्पा. आन् दोरी आम्हीच जोडलीय. पार गोठ्यापर्यंत जाते ती."

"लई शहाणा झालास." आप्पांनी आवाज खाली आणला. "आरं, पारावरनं समदे हिकडं बघतेत. आजच्या दिवशी तिच्या हातात फोन देऊ? उद्या काय तोंड दाखवू गावात?"

"मी शब्द दिलाय."

"मला इचारून दिला व्हता?"

"द्या आप्पा. नायतर मी हितनंच पाचोडच्या ठाण्याला फोन लावतो आन् सांगतो, वस्तीवर पोलीस पाठवा, पाटलाचा भरवसा धरू नका."

दुकानदारानं हातातला तराजू खाली ठेवला. मीटरचे लाल आकडे पळत होते. पलीकडं बाज एकदा जोरात करकरली. मग काहीतरी फरशीवरून घासत गेलं, दगडावर टक् असं वाजलं आणि चपला लांब गेल्या. काकासाहेबानं रिसीव्हर कडुबाला दिला.

"ह्यालू?" बाईचा आवाज एवढा मोठा होता की दुकानदारानंही मान वर केली. "आरं कडुबा, हायेस का?"

"हाव, आये. हाव."

"पाटलांनी ओट्यावर ठिवलं, मी घेतलं उचलून. असंच धरायचं व्हय हे?" मग थोडी थांबून, हळू आवाजात, "नाव लागलं म्हणं रे."

"लागलं, आये."

"तुझा बाप पायजे व्हता."

कडुबानं डोळे मिटले. "आये, भ्या वाटतंय का?"

"नाय बा. पाटील हायेत ना." आणि त्याच सुरात, "मी संध्याकाळच्या यष्टीनं राजाबाईकडं जाते, शहरात मुकुंदवाडीला. गुडघं धरलेत म्हणं तिचं."

"संध्याकाळी नको. आत्ता मिळंल त्या गाडीनं जा."

"बरं."

"सामान घेत बसू नको."

"बरं म्हणलं ना. आन् तू दर्यात उतरू नको. तुला पोहता येत नाय." मग आवाज लांब गेला. "ठिवते बरं का पाटील, हितंच."

कडुबानं रिसीव्हर पुढं केला. "राजामावशीचे गुडघे चांगले हायेत," तो काकासाहेबाला म्हणाला. "परवा धावत बस पकडत होती ती. घे. तुझ्या आप्पाला राम राम घाल."

काकासाहेबानं रिसीव्हर कानाला लावला. "आप्पा?"

कुणी बोललं नाही. फोन ओट्यावर तसाच पडला होता. कावळा ओरडला. कोंबड्यांचा आवाज आला. "आप्पा," तो पुन्हा म्हणाला. मग लांबून, फोनपासून दूर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज आला. घरात हाक मारतानाचा, रोजचा.

"अगं ए, फडकं आण. ओलं करून आण."

"कशाला?" ही त्याची आई.

"आण म्हणतो ना."

काकासाहेबानं फोन ठेवला. पैसे दिले आणि सुटे घ्यायचे विसरून पायरी उतरला.

परतीची वाट सुपारीच्या बागांमधून होती. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मधून पाण्याचा पाट. काही वेळ दोघं मागं-पुढं चालले.

"काय म्हणाले आप्पा?" कडुबानं विचारलं.

काही नाही, असं म्हणता आलं असतं. तो शब्द काकासाहेबाच्या ओठांवर आलाही होता.

"फडकं मागत होते," तो म्हणाला.

कडुबा चालत राहिला. पाट ओलांडला. एक सुपारी पायानं उडवली.

"ओलं का कोरडं?"

"ओलं."

"मग जपून म्हणावं. अंगणातल्या जोडाला टेप कमी पडली होती मला. घंटा वाजायला अन् फडकं लागायला एक गाठ पडली, तर बसंल झटका म्हाताऱ्याला." तो हसला, एकदाच, नाकातून. काकासाहेबाला हसता आलं नाही.

"कडुबा..."

"गोठ्याची गोष्ट सांगतोस ना तू पाहुण्यांना," कडुबा पुढं बघत म्हणाला, "ती तू सांगतोस तिथं संपत नाय. आम्ही निघाल्यावर गोमूत्र शिंपडलं होतं तिथं. बैलांना बाहेर काढून. आई सांगते. तीबी गोष्टच म्हणून सांगते, रडत-बिडत नाय." जरा थांबून म्हणाला, "जीव वाचला होता, हे खरं हाय. तेबी सांगते ती."

बाग संपली, सुरू लागले, आणि त्यांना मल्हारीचं ओरडणं ऐकू आलं.

समुद्र जिथं होता तिथं नव्हता. तो आत आला होता. ताडपत्रीची एक बाजू सुटून पाण्यावर पसरली होती, तीन दगडांची चूल नाहीशी झाली होती. मल्हारी गुडघ्याच्या वर पाण्यात उभा राहून एका हातात स्टोव्ह आणि दुसऱ्या हातात येसराचा डबा उंच धरून नाचत होता. कालवणाचं पातेलं त्याच्यापासून लांब, डौलात डुलत निघालं होतं.

"आरं पळा!" तो किंचाळत होता. "भरती! हीच ती भरती!"

जीपची मागची चाकं पाण्यात होती. मल्हारी आत चढला, दोघांनी मागून खांदे लावले. लाट यायची, चाकांखालची वाळू खरवडून न्यायची, आणि जीप येत्या लाटेपर्यंत अजून खाली बसायची. वरून कुणीतरी हसत धावत आलं. ती मासेवालीच होती, आणि तिच्याबरोबर दोन माणसं, हातात फळकुटं. फळकुटं चाकांखाली गेली. "हां, लावा जोर, परमनंट!" बाई ओरडली. जीप धक्के खात वर चढली आणि सुरूच्या मुळांमध्ये जाऊन थांबली.

मल्हारी उतरून वाळूवर पालथा पडला. "माझं कालवण," तो म्हणाला. "एकबी बांगडा चाखला नाय रे." मग त्यानं दोघांची तोंडं पाहिली आणि उठून बसला. "काय झालं? गावात काय झालं?"

"आई मुकुंदवाडीला निघालीय," कडुबा म्हणाला. त्यानं खिशातली पुरचुंडी काढून पिळली. तिच्यातून गुळाचं पाणी गळलं. "मला म्हसळ्याच्या स्टँडवर सोडा. मिळंल त्या गाडीनं जातो. तुम्ही ऱ्हावा."

"स्टँडवर कशाला?" काकासाहेब म्हणाला. "जीपच न्यायची."

"तुझी सहल हाय. दिवाळीपासनंची."

"मल्हारी, जीप सुरू होती का बघ. मुकुंदवाडीला जाऊ आधी. चतुरामावशी पोचल्या असतील तर बरंच. नसतील तर तसंच पुढं गावाला, त्यांच्या दारात."

"आन् पाटलाच्या दारात?" मल्हारीनं विचारलं.

"तिथलं माझं मी बघतो."

कडुबानं ओला शर्ट काढून पिळायला घेतला होता. तो थांबला.

"आता मावशी?" तो म्हणाला.

काकासाहेबानं ताडपत्रीची घडी घालायला घेतली. ती वाळूनं जड झाली होती आणि एकट्याला आवरत नव्हती. कडुबानं दुसरं टोक धरलं. दोघांनी ती झटकली, घडी घातली, आणि तेवढ्या वेळात एकमेकांकडं पाहिलं नाही.

जीप सुरू झाली. कडुबा मागं बसला, मघासारखाच. त्याच टेकाडांवरून, त्याच वळणांनी रस्ता परत चालला. खाडीतल्या कलंडलेल्या होड्या आता पाण्यावर सरळ उभ्या होत्या. मल्हारीचा पाय ब्रेककडं जात नव्हता.

"फोन दिसला की थांब," मागून कडुबा म्हणाला.

मल्हारीनं या वेळी नुसती मान हलवली. काकासाहेब खिडकीतून मान बाहेर काढून बसला होता. समुद्र आता त्याच्याच बाजूला आला होता, पण समुद्राकडं त्याचं लक्ष नव्हतं. तो खांब बघत होता, तार कुठल्या खांबापर्यंत आली आहे आणि कुठल्या घरात शिरली आहे.